नको तर मला द्या

शिवणवाल्या मावशींना त्या दिवशी दवाखान्यातून घरी सोडणार होते. टाके काढून झाले होते, पिशवी भरून कॉटच्या पायथ्याशी ठेवली होती आणि लेक कामावरून सुटली की न्यायला येणार होती. आता नुसती वाट बघायची. तळमजल्यावरचा तो वॉर्ड दुपारचा पेंगत होता. पंखा कुरकुरत होता. फिनेलच्या वासाखाली आणखी कसला तरी वास होता, बंद पेटीत राहून गेलेल्या ओल्या कपड्यासारखा.

"सुटलात म्हणायचं," शेजारच्या पडद्याआडून बाईचा आवाज आला. मऊ, अगदी कानाशी बोलल्यासारखा.

"सुटून काय दिवे लावणार?" मावशी म्हणाल्या. "जन्मभर दुसऱ्यांच्या पोरांचे गणवेश शिवले. नवरा अर्ध्या वाटेत सोडून देवाघरी गेला. पाठीला बाक आला. सगळा जन्म मातीत गेला बघा."

हे त्या सगळ्यांनाच ऐकवायच्या. लोक "असं बोलू नये मावशी" म्हणायचे आणि मावशींना तेवढंच हवं असायचं. ही बाई मात्र पडद्याच्या आणखी जवळ सरकल्यासारखी वाटली. मग म्हणाली, "नको असेल तर मला द्या."

मावशींना हसू आलं. "घ्या की! जुनं आहे, उसवलेलं आहे. चालेल ना?"

"चालेल... सांगा, काय काय आहे त्यात?"

वेळ जावा म्हणून त्या सांगायला लागल्या. लग्नानंतरची भाड्याची खोली. नवरा मशीनचं तेल घेऊन यायचा आणि म्हणायचा, "हे घे, केसांना लाव." तापलेल्या लेकीला मांडीवर घेऊन एका पायाने मशीन मारलेली. उरल्यासुरल्या तुकड्यांतून तिला शिवलेला झगा, तो घालून दारात घेतलेल्या तिच्या गिरक्या... सांगता सांगता मावशी सावरून बसल्या. एवढं सगळं होतं की! आणि आपण त्याला माती म्हणत बसलो?

"झग्याचा रंग कुठला?" पलीकडचा आवाज अधीर झाला होता.

मावशींनी तोंड उघडलं. रंग आठवेना. नवऱ्याचा चेहरा आठवेना. आत्ता तर डोळ्यांसमोर होता... आता तिथे कातरीने कापून काढल्यासारखं भोक होतं.

"पिवळा," पडद्याआडून उत्तर आलं. "आठवला मला."

"बाई... थट्टा पुरे झाली. माझं मला परत द्या."

"तुम्हाला नको होतं ना?"

"हवंय हो! बाक हवाय, रडारड हवीय, सगळं सगळं हवंय... पाया पडते तुमच्या..."

पलीकडून नुसता श्वास ऐकू आला. पोटभर जेवलेल्या माणसासारखा.

तेवढ्यात लेक दारातून आत आली. मावशींनी दोन्ही हात पुढे केले, हाक मारायला गेल्या, पण पोटच्या पोरीचं नावच तोंडात येईना. लेकीची नजर त्यांच्यावरून अनोळखी माणसावरून फिरावी तशी फिरली. तिने पायथ्याची पिशवी उचलली आणि ती सरळ पडद्याआड गेली.

"चल आई. दमलीस का गं?"

"तुला बघितलं आणि सगळा शीण गेला बघ."

तो आवाज मावशींचा होता.

मावशी ओरडत कॉटवरून उतरल्या. "अगं, मी इथे आहे! मी तुझी आई!" नर्सने धावत येऊन त्यांना धरलं. "आजी, शांत व्हा... कोणाला हाका मारताय? तुमचं कोणी आहे का?"

झटापटीत पडदा सरकला. पलीकडच्या कॉटवर गुंडाळलेली गादी होती, तिच्यावर धूळ साचलेली. लेक वॉर्डाच्या दारातून बाहेर पडत होती.

नर्सचा हात झटकून मावशी खिडकीशी गेल्या. अंगणातल्या उन्हात लेक सावकाश चालली होती, कुणाला तरी आधार द्यावा तसा कोपर बाजूला धरून. शेजारी कोणीच नव्हतं. फाटकापाशी ती थांबली, कसल्याशा बोलण्यावर खळखळून हसली, आणि पिशवीतून एक चप्पल काढून खाली वाकली. "पाय पुढे कर," असं काहीतरी म्हणाली.

मातीत ठेवलेली ती चप्पल वजनाने दबली.