या जेवायला

ज्यांना खोटं वाटेल त्यांनी खुशाल पुढे स्क्रोल करावं. मला कुणाला काही पटवायचं नाहीये.

मी संपदा. जर्मनीत झिंडेलफिंगेनला राहते, गाड्यांच्या ब्रेकचं टेस्टिंग करते. भुताच्या गोष्टी सांगणाऱ्यांना आयुष्यभर हसत आले. पण हे माझ्या घरात घडलंय. खरं सांगायचं तर, अजून घडतंय.

गेल्या नोव्हेंबरमधला शनिवार होता. ब्लॅक फॉरेस्टमधलं गरम पाण्याच्या झऱ्यांचं एक छोटं गाव. नाव मुद्दाम सांगत नाही, उगाच कुणीतरी हौसेनं बघायला जाईल.

तिथे एका जपानी बाईंनी जुनी इमारत घेऊन अगदी जपानी पद्धतीचं हॉटेल काढलंय. चटईच्या खोल्या, सरकते कागदी दरवाजे, तळमजल्यावर गरम पाण्याची कुंडं. आणि संध्याकाळी खोलीतच एकामागून एक येणारं जेवण. लोक त्या जेवणासाठीच जातात.

आम्हीही त्यासाठीच गेलो. माझे बाबा ठाण्याहून तीन महिन्यांच्या व्हिसावर आले होते. दत्तात्रय कर्णिक. आम्ही सीकेपी, म्हणजे खाण्याचं वेड रक्तातच. आणि बाबा तर कहर! सकाळी चहा पिताना दुपारचं ठरवायचे, दुपारी जेवताना रात्रीचं. आई गेली तेव्हासुद्धा तेराव्याला आचाऱ्याला वड्यांतली हळद जास्त झाल्याचं सुनावलं होतं. असा माणूस.

बुटक्या टेबलाच्या तीन बाजूंना आम्ही तिघं. मी, माझा नवरा सिद्धेश आणि बाबा. चौथी बाजू रिकामी. माझी पाठ दाराकडे होती.

पहिले वाडगे आले. बाबांनी झाकण काढून वास घेतला आणि डोळेच मिटले.

"अहाहा! संपू, जन्माला आल्याचं सार्थक झालं बघ."

मग त्यांनी दाराकडे पाहिलं. हसले. हात पुढे करून म्हणाले...

"या, जेवायला!"

मी वळून पाहिलं. दार अर्धवट उघडं होतं. पॅसेज रिकामा.

"कुणाला बोलावताय?"

"एक बाई होत्या. ओले केस, पांढरा गाऊन. खोली चुकल्या असतील बिचाऱ्या. ताटाकडे बघत होत्या."

"अहो बाबा, हे ठाणं नाही. इथे टर्मिन, म्हणजे आधी वेळ ठरवून घेतल्याशिवाय सख्खी बहीणही जेवायला येत नाही."

सिद्धेश खो खो हसला. बाबाही हसले. आपल्याकडे आपण येणाऱ्या-जाणाऱ्याला म्हणतोच की असं. समोरचा म्हणतो, बसा, होऊ द्या. संपला विषय.

पण इथे 'होऊ द्या' म्हणणारं कुणी नव्हतं.

दार मी लावून घेतलं.

दोन मिनिटांनी बाबा म्हणाले, "सूप गार झालं गं."

माझ्या वाडग्यातून वाफ निघत होती. सिद्धेशच्याही. बाबांचा वाडगा मात्र फ्रिजमधून काढल्यासारखा थंड. मी वास घेतला. वास नव्हताच. पाण्यालासुद्धा काहीतरी वास असतो हो... याला काहीच नव्हता.

तेवढ्यात मालकीणबाई पुढचा पदार्थ घेऊन आल्या. गुडघ्यावर बसून एकेक ताटली मांडली.

माझ्यापुढे. सिद्धेशपुढे. बाबांपुढे.

आणि चौथी... रिकाम्या बाजूला.

"आम्ही तिघंच आहोत," मी जर्मनमध्ये म्हटलं.

बाईंनी त्या बाजूच्या उशीकडे पाहिलं. मीही पाहिलं. उशी ओली होती. आणि मधोमध दबलेली.

त्यांचा चेहरा असा काही उतरला की काय सांगू! ताटली तशीच ठेवून त्या मागे मागे सरकत बाहेर गेल्या.

बाबा बिचारे शेवटपर्यंत खात राहिले. मासा, भात, लोणचं, सगळं. प्रत्येक घासाला माझ्याकडे बघायचे.

"चव नाही गं कशालाच."

सकाळी निघताना मालकीणबाईंनी मला बाजूला घेतलं.

"तिला कुणी बोलावलं?"

मी बाबांकडे बोट दाखवलं.

"पूर्वी इथे सॅनेटोरियम होतं," त्या म्हणाल्या. "उपाशी ठेवून रोग बरे करायचे. सगळेच काही बरे झाले नाहीत. ती दारात येऊन उभी राहते, बघते, निघून जाते. आजवर तिला आत ये असं कुणीच म्हटलं नव्हतं."

"मग आता काय करायचं?"

त्यांनी आमची बॅग उचलून गाडीपाशी नेऊन ठेवली. आणि आमची गाडी वळेपर्यंत दारातून हलल्या नाहीत. आम्ही खरंच जातोय ना, हे बघत असणार. मला तर त्यांचा भयंकर राग आला.

घरी आल्यावर खरा छळ सुरू झाला.

बाबांपुढे काहीही ठेवा, क्षणात गार. ते खायचे, तरी भूक जायची नाही. चार पोळ्या, सहा पोळ्या, पातेलंभर भात. आणि पुन्हा, "संपू, काहीतरी दे गं."

तरी वाळत चालले. पँटला सुतळी बांधायची वेळ आली. हाउसआर्ट्स्टने, म्हणजे आमच्या फॅमिली डॉक्टरने, रक्त तपासलं, एंडोस्कोपी झाली. सगळं नॉर्मल. वर म्हणतो कसा, भूक चांगली आहे, हे उत्तम लक्षण आहे! त्याच्या टेबलावरचा स्टेपलर उचलून त्याला मारावासा वाटला मला.

सिद्धेशचं आपलं एकच. "आल्झो, तर मग, मेडिकली बघू."

मग एकदा तो त्यांच्या शेजारी जेवायला बसला. बाबांनी अजून ताटाला हातही लावला नव्हता.

आणि आवाज आला...

चावण्याचा. सावकाश. मचमच... मचमच...

बाबांच्या पलीकडच्या रिकाम्या खुर्चीवरून.

त्यानंतर सिद्धेश मेडिकलचं नाव काढेनासा झाला.

एके दुपारी मी ऑफिसातून लवकर आले तर बाबा स्वयंपाकघरात फरशीवर बसले होते. पोळ्यांसाठी भिजवलेली कणीक कच्चीच तोंडात कोंबत होते. मला बघून लहान मुलासारखे रडले.

"निदान ही तरी ती खायची नाही असं वाटलं गं..."

ती. पहिल्यांदाच ते 'ती' म्हणाले.

हा माणूस माझ्यासमोर, भरल्या ताटावर, उपाशी मरणार होता. मी ठरवलं, बास. पाहुणी आहे ना? मग पाहुणीसारखं वाढू. पोटभर जेवली की पाहुणी जाते.

रविवारी दुपारी, लख्ख उजेडात, खिडक्यांवरचे सगळे रोलाडेन, म्हणजे शटर, वर करून मी दोन पानं मांडली. एक बाबांचं, एक त्यांच्या शेजारच्या खुर्चीपुढे. वालाचं बिरडं केलं, एकेक वाल सोलून. सोड्याची खिचडी. तळलेलं पापलेट. शेवटी गोडाला निनावं. आईनं शिकवलेलं सगळं ओतलं त्यात.

"तिचं होईपर्यंत तुम्ही हात लावायचा नाही," बाबांना बजावलं.

मग खुर्चीकडे बघून म्हटलं, "घ्या. सावकाश होऊ द्या."

मचमच सुरू झाली.

बिरड्याचा रंग उतरत गेला. पापलेट राखेसारखं झालं. बाबा बघत होते. हनुवटीवर लाळ आली होती. स्वतःचं भरलं ताट समोर, आणि कान शेजारच्या ताटाकडे. इतकं क्रूर दृश्य मी आयुष्यात पाहिलं नाही.

मग आवाज थांबला.

बाबांनी मान खुर्चीकडे कलती केली, कुणीतरी कानात बोलत असल्यासारखी.

माझ्याकडे पाहिलं. लगेच नजर खाली घातली. ओठ हलले.

खुर्ची मागे सरकली... आपोआप.

बाबांनी खिचडीचा घास घेतला. चावला. थांबले.

"मीठ जरा कमी आहे," म्हणाले.

मी त्यांच्या गळ्यात पडून रडले! सिद्धेशही रडला. बाबा तीनदा वाढून घेऊन जेवले. महिन्याभरात गाल वर आले. व्हिसा संपला तेव्हा विमानतळावर ते दोन ब्रेत्सेल, ते वेटोळ्याचे खारे पाव, खात खात गेले.

मला वाटलं, सुटलो.

ते गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी वरण लावलं. सिद्धेशनं एक घास घेतला आणि चमचा खाली ठेवला.

"संपदा, हे काय केलंयस? याला काहीच..."

मी चाखलं. काहीच नव्हतं.

बाहेरून आणलेल्या खाण्याला चव लागते. सिद्धेशनं केलेल्या ऑम्लेटलाही. फक्त माझ्या हातच्या अन्नाला नाही. ते सगळं तिचं. ओट्याशी उभी राहिले की मानेवर ओलसर गार श्वास लागतो. घाई असल्यासारखा.

एकदा चिडून मी स्वयंपाक केलाच नाही. म्हटलं, मर उपाशी. सकाळी उठले तर मनगटावर दातांच्या खुणा होत्या. रक्त येईस्तोवर.

तेव्हापासून रोज करते. ताप असला तरी करते. सिद्धेश हल्ली ऑफिसातच जेवून येतो. त्याचं काही चुकतंय असं मी म्हणत नाही.

शेवटी बाबांना फोन लावला. ते जेवतच होते.

"बाबा, त्या दिवशी ती काय म्हणाली तुम्हाला?"

त्यांचं चावणं थांबलं.

"हे कुणी रांधलंय, असं विचारलं तिनं."

"तुम्ही काय सांगितलंत?"

"तुझं नाव सांगितलं."

"एवढंच?"

"मग म्हणाली, मी हिच्याकडे राहते." पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. "मी म्हटलं, राहा."

"भूक फार वाईट गं, संपू," ते म्हणाले. आणि पुढचा घास घेतला. मला ऐकू आला.

त्यांची तब्येत आता छान आहे. वजन वाढलंय. मला रोज न चुकता फोन करतात. थंडी किती आहे, सिद्धेश कसा आहे, सगळं विचारतात.

जेवलीस का, एवढं मात्र विचारत नाहीत.