ठिपकेवाले यीस्ट

चंद्रावर जाणारी प्रत्येक वस्तू कोल्हापूरच्या अवकाशमाल केंद्रात निरीक्षक सात याच्या नजरेखालून जायची. निरीक्षक सात हा यंत्रमानव होता. त्याला मराठी शिकवताना कोणीतरी जुने सरकारी कागद वापरले होते, त्यामुळे तो बोलू लागला की समोरच्याला उगाचच आपले काहीतरी चुकले आहे असे वाटे.

"सदर पेशींमध्ये ठिपके आढळून आले आहेत," तो सूक्ष्मदर्शकाखालचा डबीतला नमुना पडद्यावर बघत म्हणाला. "सबब नमुना अस्वच्छ समजून भट्टीत नष्ट करण्यात येईल. यान बारा वाजता सुटेल. ते आपल्या डबीशिवाय सुटेल."

अकरा वर्षांची केतकी मिराशी आणि तिचे शास्त्रज्ञ आजोबा, म्हणजे आबा, एकमेकांकडे बघत राहिले. डबीत आबांचे तीन वर्षांचे काम होते. चंद्रावरच्या वसाहतीसाठी त्यांनी उष्णता सोसणारे यीस्ट (पाव फुगवणारी एकपेशी बुरशी) तयार केले होते. तिथली साठ माणसे दीड वर्ष कडक बिस्किटे चावत पावाची वाट पाहत होती.

"सकाळी निघताना मी स्वतः पाहिलं होतं," आबा म्हणाले. "एकही ठिपका नव्हता. दोन तासांत असं झालं काय?"

केतकीला काय झाले ते ठाऊक होते. तिने एकदा चपलेकडे पाहिले आणि सांगून टाकले.

"आबा, मिसळ खायला थांबलो तेव्हा डबी मी आत आणली नाही. गाडीत काचेपाशी राहिली. उन्हात."

"किती वेळ?"

"तुम्ही तीनदा रस्सा मागवलात, तेवढा वेळ."

"म्हणजे पाऊण तास," आबा जरा ओशाळून म्हणाले. मग त्यांचा चेहरा एकदम खुलला. "अगं, मग हे ठिपके म्हणजे घाण नाही. तापलेल्या पेशीतली प्रथिनं (पेशीची बहुतेक कामे करणारे रेणू) बिघडायची भीती असते. म्हणून पेशी नेहमीची कामं थांबवते आणि बरीचशी प्रथिनं, कामाच्या सूचना वाहणारे रेणू, असं सगळं एका जागी गोळा करून ठेवते. आपल्याला दिसतात ते असे थेंब."

"गोळा करून ठेवण्यास कपाट लागते," निरीक्षक म्हणाला. "या ठिपक्यांना भिंत आढळत नाही. भिंत नसता वस्तू आत राहतात, ही बाब संशयास्पद आहे."

"रश्श्यावर तेलाचे लाल थेंब असतात, त्यांना तरी कुठे भिंत असते?" केतकी म्हणाली. "तेलाचे कण तेलालाच चिकटून राहतात, म्हणून थेंब होतो."

"बरोबर. फक्त एक फरक आहे," आबा म्हणाले. "तेल पाण्यात विरघळलेलं नसतंच. ही प्रथिनं मात्र सकाळपर्यंत पेशीभर पसरलेली होती. उष्णतेनं ती पाण्यापेक्षा एकमेकांना जास्त धरायला लागली आणि थेंब होऊन वेगळी झाली. याला प्रावस्था-विलगन म्हणतात (एकजीव द्रवातून दोन वेगळे द्रव सुटणे). आणि पेशीतल्या अशा थेंबाला जैवसंघनित (रेणूंचा बिनभिंतीचा घोळका). मधल्या सुट्टीत मैदानावर डबा खाणाऱ्या मुलांचं कोंडाळं होतं ना, तसंच. भिंत नाही, मुलं येतात-जातात, तरी कोंडाळं दिसतं."

"तोंडी खुलासा ग्राह्य नाही," निरीक्षक म्हणाला आणि त्याचा लांब हात डबी घेऊन भट्टीकडे वळला.

"थांबा," केतकी म्हणाली. "पुरावा चालेल का?"

हात हवेतच थांबला. "चालेल."

केतकी विचार करू लागली. धुळीचे दोन कण एकमेकांवर आदळले तर दोनच राहतील. थेंब असतील तर? तिने निरीक्षकाला सूक्ष्मदर्शकाच्या पडद्याकडे बघायला सांगितले. एका पेशीत दोन ठिपके हळूहळू सरकत जवळ आले, टेकले, क्षणभर भुईमुगाच्या शेंगेसारखे दिसले आणि त्यांचा एकच गोल झाला.

"एक ठिपका गहाळ झाला आहे," निरीक्षक म्हणाला. "चौकशी करावी लागेल."

"गहाळ नाही झाला, दुसऱ्यात मिसळला. म्हणजे तो द्रव आहे."

"द्रव असल्याचे मान्य. निरुपद्रवी असल्याचे सिद्ध नाही."

"मग पेशी गार करू. उन्हाची भीती गेली की त्यांना थेंब कशाला लागतील?"

घड्याळात साडेअकरा झाले होते. निरीक्षकाने सूक्ष्मदर्शकाखालची तबकडी गार केली. पंधरा मिनिटांत बरेच ठिपके फिके होत नाहीसे झाले. पण एका पेशीतला मोठा ठिपका जागचा हलेना. आबा पडद्याजवळ वाकले.

"आबा, तो जात का नाही?"

"असे थेंब फार वेळ राहिले तर घट्ट होत जातात. मग ते विरघळत नाहीत, आणि पेशीचं खरंच नुकसान होतं."

भट्टीचा लाल दिवा लागलेलाच होता. बाराला नऊ मिनिटे असताना ठिपक्याची कड पुसट झाली. तो वाटाण्याएवढा दिसत होता तो मोहरीएवढा झाला, आणि मग पडद्यावर नुसती स्वच्छ पेशी उरली. थोड्या वेळाने तिच्या कडेला बारीक फुगवटाही आला. पेशी पुन्हा वाढू लागली होती.

"नमुना मंजूर," निरीक्षक म्हणाला. "शेवटच्या ठिपक्यास झालेल्या गैरसोयीबद्दल खेद आहे."

डबी यानात चढली. आबा शेजारच्या बाकावर मटकन बसले.

"माझं यीस्ट उष्णता सोसण्यात हुशार, आणि त्यातच याने त्याला नापास केलं होतं," ते पुटपुटले.

"आबा, आपल्या पेशींतही असे थेंब असतात?"

"असतात की. म्हातारपणी मेंदूच्या काही आजारांत ते घट्ट होऊन बसतात असं दिसतं. का, ते अजून पुरतं कळलेलं नाही. कळलं तर कदाचित त्यांना सैल करायचं औषधही सापडेल."

असं औषध शोधायचं तर कुठून सुरुवात करावी, याचा केतकी विचार करू लागली. एवढ्यात निरीक्षक सात तिच्यापुढे येऊन उभा राहिला. त्याच्या हातात एक छापील अर्ज होता, तो त्याने स्वतःच भरला होता.

"रविवारी आपल्या प्रयोगशाळेत येण्याची परवानगी मिळावी, ही विनंती," तो म्हणाला. "हेतू: तपासणी नव्हे. नुसते बघणे."