श्वास रोखून धरा

आधीच सांगून ठेवतो, यावर कुणाचा विश्वास बसणार नाही. तुमच्या काकूचा तर नाहीच. ती बघा, कपड्यांच्या घड्या घालतेय, पण कान इकडेच आहेत.

तेव्हा माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं आणि डोक्यावर केसही होते. एका दुपारी एक मुलगी आपला कॉम्प्युटर तान्ह्या बाळासारखा कवटाळून आत आली. दवाखान्यात एक्स-रे काढायची ती.

"वाचेल का हा?"

"फार तर आठवडाभर."

तिचा चेहरा उतरला. आत तिच्या आईनं निवडलेली गाणी होती. आई गेली होती... गाणी तेवढी उरली होती. रीतसर पैसे भरून डाउनलोड केलेली, तरी प्रत्येकाला कुलूप. ज्या मशीनवर घेतली, त्याच मशीनवर वाजणार. दुसरीकडे नेली की मुकी. परवानगी देणाऱ्या कंपनीनं तर केव्हाच गाशा गुंडाळला होता.

त्या कुलपाशी मी गोड बोललो, दम दिला, हातापाया पडलो. ढिम्म हललं नाही.

"पण कुलूप फाइलला आहे," मी म्हटलं, "आवाजाला नाही. उद्या ही वायर लावतो. या मशीनमधून गाणं थेट त्या मशीनमध्ये उतरेल. तुम्हाला थांबायचीसुद्धा गरज नाही."

"अच्छा," ती म्हणाली. का कोण जाणे, जरा पडेल आवाजात.

दुसऱ्या दिवशी वायर गायब.

मग काय... इकडे गाणं वाजवायचं आणि समोर माईक धरायचा. माईक म्हणजे चोंबडा, सगळं ऐकणार. म्हणून पंखा बंद, खिडकी बंद, तोंड बंद.

"श्वास रोखून धरा," ती ड्युटीवरच्या आवाजात म्हणाली.

मी धरला. गाणं संपेपर्यंत. हसू नका, खरंच.

"सोडा आता. निळे पडलात."

"तुम्ही सोडा म्हणाला नाहीत."

"मी काहीही सांगितलं तर ऐकाल?"

"बघा सांगून."

ती रोज ड्युटी संपवून यायची. घामाच्या धारा लागायच्या, पण बोलायची सोय नाही. ती एक्स-रेच्या पाकिटानं वारा घालायची — स्वतःला नाही, मला. एका गाण्यात खुर्ची कुरकुरते ना, ती मी जवळ सरकवली म्हणून.

आणि मग शेवटचं गाणं आलं. मशीन धापा टाकत होतं. हे संपलं की तिला यायला कारण उरणार नव्हतं. भर गाण्यात मी बोलून गेलो, "लग्न कराल माझ्याशी?"

तिनं ओठांवर बोट ठेवलं. गाणं संपलं. त्या मशीननं तिथंच मान टाकली, म्हणजे पुन्हा रेकॉर्डिंग नाही. आईच्या गाण्यात माझा प्रश्न कायमचा अडकला.

मी म्हटलं, "चुकलो."

"चुकलातच," ती म्हणाली. "आईसमोर विचारलंत. आता नाही कसं म्हणू?"

तर पोरांनो, याला म्हणतात डोकं. कारण ती वायर हरवली नव्हतीच. मीच लपवली होती, हिला रोज यावं लागावं म्हणून —

"खोटं," घडी घातलेला टॉवेल बाजूला ठेवत तुमची काकू म्हणाली. "वायर माझ्या पर्समध्ये होती."