विशेष मागणीचा रकाना

फाटकाशी हॉर्न. धुक्यात गाडी दिसत नाही, फक्त दिवे.

निळा रेनकोट, एक बाही उसवलेली.

इंग्रजीत लिहिणारे पाहुणे कधीच हरवत नाहीत.

'डेटा टू लाँग.'

सोय झाली — एवढंच.

तर... यशोधरा तुंगार्लीतला, पर्यटकांना भाड्याने दिला जाणारा एक बंगला सांभाळते. बुकिंग वेबसाइटवर येतं. वेबसाइट बनवली नवलाख उंबरे गावच्या आकाशने. त्या शनिवारी एक कुटुंब बुकिंग पक्कं झाल्याचा मेसेज दाखवत दारात उभं राहिलं, आणि आत दुसरेच पाहुणे चहा पीत होते. यादीत यांचं नावच नव्हतं. हे दुसऱ्यांदा. पुन्हा झालं तर बंगला एजंटकडे देईन, असं मालकांनी तिला फोनवर सुनावलं.

तिने आकाशला बोलावलं. तो भिजत आला, आणि त्या कुटुंबाची गाडी आपल्या बाइकमागे घेऊन धुक्यात निघून गेला. कुठे नेलं, विचारलं तर फोनवर म्हणाला, सोय झाली.

दुसऱ्या कुणाच्या बंगल्यावर नेलं असणार. कमिशन. नाहीतर इतकं गप्प कोण राहतं?

रविवारी तो व्हरांड्यात लॅपटॉप उघडून बसला. ती समोर — फक्त नजर ठेवायला.

"एवढं काय बघताय?"

"तुमचे हात. काय पुसताय ते."

"पुसत न्हाई काही."

घाबरला की त्याचं 'नाही' गावाकडे जायचं. तिला ते आवडलं. आवडलं म्हणून संशय आणखी वाढला.

वेबसाइट आपल्या चुका जिथे टिपते त्या लॉगमध्ये एकच एरर पुन्हा पुन्हा होती: डेटा टू लाँग. त्याने समजावलं. नाव, तारखा, जेवण, विशेष मागणी, सगळ्याची मिळून वेबसाइट एकच लांब ओळ करते आणि डेटाबेसच्या एका रकान्यात ठेवायला जाते. रकाना लहान. मराठी अक्षर इंग्रजीच्या तिप्पट जागा घेतं. कुणी पिठलं, ठेचा, चुलीवरची भाकरी असं मन लावून लिहिलं की ओळ मावत नाही, नोंद होतच नाही. 'पक्कं' हा मेसेज मात्र त्याआधीच गेलेला असतो.

"तपासलं नव्हतं?"

"तपासलं होतं. इंग्रजीत."

"घरी इंग्रजीच बोलत असाल."

त्याचे कान लाल झाले.

त्याने रकाना मोठा केला. मेसेज नोंद झाल्यावरच जाईल, असंही केलं. मग ती म्हणाली, आता मराठीत लिहून दाखवा, लांबलचक. तो लिहीत राहिला... स्क्रीन तिच्यापासून वळवून. पुन्हा लपवाछपवी! तिने लॅपटॉप सरळ आपल्याकडे ओढला.

नोंद झाली होती, शेवटच्या अक्षरापर्यंत. पिठलं, ठेचा, भाकरी, कांदा, ताक — आणि जेवताना समोर बसून संशयाने बघणारी यशोधरा. रोज.

तिने ती ओळ पुन्हा एकदा वाचली.

"हे आधी तोंडाने सांगता आलं असतं," ती म्हणाली.

"नोंद व्हायच्या आधी मेसेज पाठवला की काय होतं... बघितलंत ना."

तिने खुंटीवरचा त्याचा निळा रेनकोट काढून मांडीवर घेतला.

"बाही शिवून ठेवते. न्यायला ये. आणि त्या लोकांना कुठे नेलंस, ते तेव्हा खरं सांग. अजून विश्वास बसलेला नाही माझा."

"व्हय," तो म्हणाला.

शनिवारी ते कुटुंब नवलाख उंबऱ्यात आकाशच्या घरी झोपलं होतं, आणि आकाश बाहेर पडवीत.