एकच लाल तार

वर्कशॉपची शिडी शोधत ती शेजारच्या शेडमध्ये शिरली, तेव्हा तिला आधी फक्त दोन पाय दिसले. एका अर्धवट विमानाच्या सीटवरून ते पाय वर आले होते आणि एका मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं. बाकीचा माणूस समोरच्या पॅनलखाली गडप झाला होता.

"ही शिडी आमची आहे," ती त्या पायांना म्हणाली.

"घेऊन जा ना," पॅनलखालून आवाज आला. "पण आधी जरा... शर्टाचं बटण तारांत अडकलंय. मघापासून असाच आहे मी."

तिने वाकून बॅटरी मारली आणि बटण राहिलं बाजूला, ती तारांकडेच बघत राहिली. सगळ्या तारा लाल होत्या. शेवयांसारख्या एकमेकींत गुंतलेल्या आणि एकीवरही नाव नाही.

"हे कोणी केलं?"

"मी." आवाजात थोडा अभिमान होता. "लाल रंग आवडतो मला."

"ही घरातल्या दिव्यांची वायर आहे. वर गेल्यावर एक जरी तापली ना, तर धुरानं गुदमराल. आणि रेडिओची कोणती, दिव्याची कोणती, कसं कळणार?"

"अंदाजानं..."

"अंदाजानं!" तिने कपाळावर हात मारला आणि बटण सोडवलं.

तो बाहेर आला. केस विस्कटलेले, नाकाला ग्रीस लागलेलं, आणि डोळे असे, की तिला उगाचच शिडीकडे बघावंसं वाटलं. गावात त्याचं चष्म्यांचं दुकान होतं. भाड्याची विमानं चालवायला तो केव्हाच शिकला होता आणि सुट्टीच्या दिवशी इथे येऊन स्वतःचं विमान जोडत होता. तीन खोल्यांच्या घरात त्याच्या आत्यानं विमानाचा एक पंख वर्षभर पलंगाखाली ठेवून घेतला होता म्हणे. आणि ही? ही शेजारच्या वर्कशॉपमध्ये विमानांच्या तारा ओढायची, रेडिओ आणि यंत्रं बसवायची. या कामात तिचा हात धरणारं त्या धावपट्टीवर कोणी नव्हतं, हे तिलाही ठाऊक होतं, त्यामुळे नाकाचा शेंडा जरा वरच असायचा.

"एवढं चुकलंय, तर मग... तुम्हीच दाखवता का कसं करायचं?" त्यानं विचारलं.

ती शिडी न घेताच परत गेली. दुसऱ्या दिवशी शिडी न्यायला पुन्हा आली, आणि तिसऱ्या दिवशीही.

लाल तारा सगळ्या निघाल्या. त्यांच्या जागी पांढऱ्या, विमानासाठीच केलेल्या तारा आल्या आणि प्रत्येकीच्या दोन्ही टोकांना नावाची पट्टी. तिने त्याला शिकवलं. तार कापायची, टोक सोलायचं, त्यावर पितळी टोपी चढवून पकडीनं दाबायची आणि मग ओढून बघायचं.

"जोरात ओढा. हळूच काय ओढताय, लहान मुलाचा गाल आहे का तो?"

"तुटली तर?"

"तर इथे तुटली ना. वर तुटली असती तर?"

हे ती तेव्हा अगदी सहज म्हणाली. पत्र्यावर पावसाची रिपरिप चालू असायची, दोघं एकाच बॅटरीच्या उजेडात डोकं खाली घालून बसलेले असायचे, आणि तो अधूनमधून ओढून बघण्याच्या निमित्ताने तिच्या हातातलीच तार ओढायचा.

"ती माझी आहे," ती म्हणायची.

"बघतोय. पक्की आहे का ते."

"कोण, तार?"

"तारच. दुसरं कोण?"

एकदा त्याने तिच्यापुढे एक छोटी डबी ठेवली. आत चष्मा होता.

"जवळचं बघताना डोळे बारीक करता तुम्ही. तुम्ही आल्यापासून बघतोय. घालून बघा."

तिने घातला. तारेच्या पितळी टोपीच्या कडेवरची बारीकशी चीर तिला पहिल्यांदा स्वच्छ दिसली. मग मान वर केली, तर त्याचा चेहरा इतका जवळ आणि इतका स्पष्ट की तिने घाईनं खाली बघितलं.

"नंबर बरोबर आहे," ती पुटपुटली. "जरा जास्तच बरोबर."

रेडिओच्या माइकची तार मात्र तिने मुद्दाम लाल टाकली. चांगल्या जातीची, पण लाल. "एवढी एक तुमची," ती म्हणाली. ती तार कानावरच्या हेडफोनच्या तारेबरोबर एकाच प्लगमध्ये जायची, आणि प्लगची कडी फिरवून घट्ट करायची. 'टक्' असा आवाज आला की समजायचं, बसली. त्या टक्‌वर तिची इतकी श्रद्धा होती, की ती कान लावून ऐकायची.

सगळं छान चाललं होतं. घोटाळा झाला तो सीटच्या पट्ट्यांपायी. पट्टा कुठपर्यंत येतो ते बघायला तो सीटवर बसला आणि तिने पट्टा त्याच्या खांद्यावरून ओढून आवळला. हाताखाली त्याचा श्वास वरखाली झाला. आजवर तिच्यासाठी विमान म्हणजे विमान होतं. आत कोण बसतंय याचा विचार तिने कधी केलाच नव्हता. आता तिच्या एकूण एक तारेच्या टोकाला हा माणूस लटकलेला तिला दिसायला लागला.

त्यानंतर तिचं काम संपेना. आज ही तार पुन्हा बघायची आहे, उद्या तो खटका बदलायचा आहे. पकड निसटायची. स्वप्नात धूर दिसायचा. तपासनीस येऊन विमान पास करून गेला, तरी ही पॅनलखालीच. त्या शेडचा एक रिवाज होता, तारा ज्याने ओढल्या, त्याने तोंडाने 'तयार आहे' म्हटल्याशिवाय विमान दाराबाहेर काढायचं नाही. आणि तिच्या तोंडाला तर कुलूप लागलेलं.

त्यात एक दिवस आत्या डबा घेऊन आली. आई-वडिलांच्या मागे तिनेच त्याला वाढवलं होतं. डबा खाली ठेवून तिने हिला कोपऱ्यात घेतलं.

"हे बघ बाळा, मी सांगून तो ऐकत नाही. तुझं ऐकेल. तू 'तयार नाही' म्हण. आयुष्यभर म्हणत राहा. मी तुझे पाय धुवीन."

"आत्या, अहो..."

"त्याला काही झालं तर मी घरी जाऊन दिवा कोणासाठी लावू?"

आत्याच्या मनातलं तिच्याही मनात होतं, हेच तर भय होतं.

संध्याकाळी त्यानं विचारलं, "झालं ना काम?"

"अजून नाही. रेडिओत खरखर आहे." तिने चष्मा काढून पुसायला घेतला.

त्याने रेडिओ लावला आणि ऐकत राहिला. खरखर नव्हती.

"खोटं बोलताना तुम्ही चष्मा काढता," तो हळूच म्हणाला.

मग मात्र तिचा बांध फुटला. "भीती वाटते मला! कळतंय का? पाचावर धारण बसलीये. माझी एक तार सुटली आणि तू..." आपण 'तू' म्हणालो हे तिला उशिरा कळलं.

तो शिडीच्या खालच्या पायरीवर बसला. "मलाही वाटते. रात्र रात्र झोप लागत नाही. पण भीती संपेपर्यंत थांबलो तर हे विमान इथेच गंजेल आणि मीही. तू 'तयार नाही' म्हणालीस तर मी उडणार नाही, शब्द देतो. फक्त खरं सांग. चष्मा घालून."

तिने चष्मा घातला. प्रत्येक जोड तिने ओढून बघितला होता. एकही सुटला नव्हता.

"तयार आहे," ती म्हणाली, आणि स्वतःचाच आवाज तिला परका वाटला.

"मग मलाही तुला एक सांगायचंय. वरून सांगेन, रेडिओवर."

"इथेच सांग की."

"इथे धीर होत नाही. तू समोर असतेस ना..."

उड्डाणाच्या सकाळी आभाळ धुतल्यासारखं होतं. पहिल्या उड्डाणाला विमानात एकट्यानेच बसायचं, हा नियम. तो पेट्रोल तपासत होता तेवढ्यात तिला राहवेना. एकदाच, शेवटचं बघते, म्हणून ती पॅनलखाली शिरली आणि रेडिओचा प्लग उघडला. लाल तार जागच्या जागी होती. प्लग परत बसवत होती, एवढ्यात बाहेरून आत्याची हाक आली, "अगं ये ना इकडे, माझे पाय लटपटतायत!" ती धावत बाहेर गेली.

इंजिन सुरू झालं. "ऐकू येतंय?" तिच्या हातातल्या छोट्या रेडिओतून तो म्हणाला. "येतंय," ती म्हणाली. विमान धडधडत, हादरत धावपट्टीवर धावलं आणि उचललं गेलं. आत्याने डोळे मिटले. हिने मिटले नाहीत.

"अगं, सुटली जमीन!" रेडिओत तो हसत होता. "ऐक... मला कधीपासून तुला..."

आणि आवाज बंद झाला.

तिने बटण दाबलं. "बोल ना. ऐकू येत नाहीये. बोल!" काहीच नाही. धावपट्टीच्या मनोऱ्यातून विमानांना सूचना देणाऱ्या काकांनीही रेडिओवर हाक घातली. काहीच नाही. विमान टेकडीकडे वळलं, लहान झालं, आणि टेकडीमागे गेलं. मग इंजिनचा आवाजही गेला.

तिला एकाच गोष्टीची आठवण येत होती. टक्. तो आवाज तिने ऐकलाच नव्हता. कडी न फिरवताच ती धावली होती. जमिनीवर प्लग कसाबसा टिकला आणि वरच्या हादऱ्यांनी निसटला. इंजिनची वीज वेगळी आहे, इंजिनला काही होणार नाही, हे तिच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. पण माहीत असून काय उपयोग? टेकडीमागे काय चाललंय ते कुठे माहीत होतं?

"आत्या, माझ्यामुळे झालं हे. भीतीपोटी मी चांगला जोड उघडला."

आत्याने तिचा हात इतका घट्ट धरला, की बांगडी रुतली. "रड नंतर. आता बघ. तुझे डोळे तरुण आहेत."

ती बघत राहिली. चष्मा लांबचा नव्हता, तिने तो कपाळावर सरकवला. टेकडी, झाडं, रिकामं आभाळ. रेडिओ बंद पडला तर पुढचा दिवा उघडझाप करायचा, असं दोघांचं ठरलं होतं. त्याला आठवेल का? दिव्याचा जोड टिकेल का? तिने तोही ओढून बघितला होता... बघितला होता ना?

आणि मग टेकडीच्या कडेला एक ठिपका लुकलुकला. विझला, पुन्हा लुकलुकला.

"आला," ती म्हणाली, आणि मटकन खाली बसली.

विमान एकदा उसळलं, दुसऱ्यांदा टेकलं आणि धापा टाकत त्यांच्यासमोर येऊन थांबलं. तो उतरला, पांढराफटक. आत्याने आधी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि मग त्याला कवटाळलं.

"मग?" तो हिच्याकडे बघत म्हणाला. "उत्तर?"

"कशाचं?"

"म्हणजे... काहीच ऐकलं नाहीस? दोन फेऱ्या मारल्या गं मी बोलत! तू गप्प, म्हटलं, नाही म्हणायचंय हिला, म्हणून बोलत नाही. माझे हात गळून गेले. मग कळलं, काकाही बोलत नाहीयेत."

तिने सगळं सांगितलं. प्लग, हाक, न फिरवलेली कडी. "तुला काही झालं असतं ना..."

त्यानं तिच्या कपाळावरचा चष्मा सरळ केला. मग म्हणाला, "यापुढे भीती वाटली तर प्लग उघडू नकोस. मला सांग."

ती पॅनलखाली शिरली. प्लग दाबला, कडी फिरवली. टक्. लाल तार तिने ओढून बघितली, जोरात. बाहेर येऊन तिने छोटा रेडिओ उचलला आणि पंखाच्या टोकाशी जाऊन उभी राहिली.

"बस आत," ती म्हणाली. "आता बोल."

तो सीटवर बसला. खरखर न होता, अगदी कानाशी आल्यासारखा त्याचा आवाज आला. "माझं तुझ्यावर प्रेम आहे. बाकीचं दोन फेऱ्यांचं होतं, ते आता आठवत नाही. लग्न करशील माझ्याशी?"

तिने रेडिओ तोंडाशी नेला, पुन्हा खाली घेतला. तेवढ्यात रेडिओत तिसराच आवाज आला, मनोऱ्यातल्या काकांचा. "बाई, काय ते लवकर सांगा. मला दुसरं विमान उतरवायचंय."

तिने बटण दाबलं. "हो," ती म्हणाली. "पण पुढच्या वेळी शेजारच्या सीटवर मी. इथे खाली उभं राहायची माझी हिंमत नाही."

काचेतून त्यानं निरखून तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. तिनं कपाळावरचा चष्मा ओढून नाकावर घेतला होता.