उलटी गाठ

आमचे गेंझो डावरे. बांधतील ती प्रत्येक गाठ उलटी. चाळीस वर्षं मी कानीकपाळी ओरडले, "अहो, माळ्याची गाठ अशी नसते!" ते नुसते हसायचे. अंगणात विस्टेरियाचा वेल, त्याला बांबूचा मांडव. दर मार्चला फांद्या काळ्या काथ्याने मांडवाला बांधायच्या, आणि मुळाशी पेलाभर साके, आपली तांदळाची दारू, ओतायची. वेलाला साके आवडते म्हणे! मला मात्र लेकीकडे चार दिवस जायचं म्हटलं, की यांचं ठरलेलं, "मांडव कोण बघणार?" चाळीस वर्षं तेच.

जानेवारीत ते गेले. एकोणपन्नासाव्या दिवसाचे विधी उरकले आणि मी लेकीला, सुमीएला फोन केला, "रविवारी येते. कायमची." तिच्या सेंदाईला समुद्र आहे, नातवंडं आहेत. इथे काय ठेवलंय?

जाण्याआधी वेल नीट बांधून ठेवावा म्हणून गुरुवारी सकाळी त्यांच्या साऱ्या गाठी कापल्या आणि चौदा नव्या बांधल्या. सुलट. साके काही ओतली नाही.

जेवून बाहेर आले, तर चौदाच्या चौदा उलट्या.

शेजारच्या इत्सुकोला जाऊन धरलं. "ही काय थट्टा आहे का गं?"

"अगं बाई, काय बोलतेस किनू!" तिने प्लॅस्टरमधला हात पुढे केला. "मला सध्या बुटाची नाडी बांधता येत नाही."

शुक्रवारी पुन्हा बांधल्या. चहा पिऊन आले, पुन्हा उलट्या.

मग मात्र माझं डोकं फिरलं. भरदुपारी मांडवाखाली उभी राहून ओरडले, "मेल्यावरसुद्धा अडवणार का मला? लाज नाही वाटत?" करवत घेतली आणि वेल मुळापासून तोडला.

रविवारी टॅक्सी दारात आली. पिशवी उचलली, एप्रन काढायला हात मागे नेला. नाडी सुटेना.

निरोप द्यायला आलेली इत्सुको मागे वाकली.

"किनू, ही दोरी का बांधलीस?"

"कसली दोरी? कापडी नाडी आहे."

मी हात मागे नेऊन चाचपलं. बोटांना काथ्या लागला. ओला. साकेचा वास.

"काप," मी म्हटलं.

तिने दाराशी पडलेली कात्री उचलून चांगल्या हाताने चालवली. काळा तुकडा पायाशी पडला. गाठ उलटी होती.

बाहेर हॉर्न वाजला.

"झालं ना?" मी विचारलं.

"थांब," इत्सुको म्हणाली. "खाली अजून एक आहे."