हुसेनकाकांची घटिका

मुलांनो, तो पिवळा इशारा मी बत्तीस वेळा बंद केला होता. प्रोग्राम लिहिणाऱ्यांची ही जुनी खोड. लाल ओळ आली की काम अडतं, म्हणून ती वाचायची. पिवळी आली तरी काम चालू राहतं, म्हणून ती झटकायची. त्या ओळीत लिहिलेलं असायचं, 'घटिका हे साधन तुम्ही दर वेळी नव्याने मागवता. स्वतःची प्रत ठेवलेली नाही.' माझ्यामागे शंभर कामं. झटकली.

मग २०६१च्या जानेवारीत, एका सोमवारी सकाळी, मी बनवलेलं वेबपान एकदम कोरं झालं. त्यातला एक काना-मात्रासुद्धा मी बदलला नव्हता. काल चालणारं पान हात न लावता बंद कसं पडलं?

पान कशाचं, ते सांगते. माझी मुलगी कृत्तिका अकरा वर्षांची आहे आणि तिला मधुमेह आहे. तिच्या दंडावर एक सेन्सर (शरीरातली साखर मोजून आकडा पाठवणारी टिकली) असतो. तो आकडा, आणि तो किती मिनिटांपूर्वीचा आहे, हे माझं पान दाखवतं. साखर फार उतरली तर मूल बेशुद्ध पडू शकतं, म्हणून मी ते पान दिवसातून साठ वेळा बघते. लोक म्हणतात, अति करते. म्हणू देत.

त्याच शुक्रवारी तिचा वर्ग आकाशनौकेतून वीस किलोमीटर उंचीवर तीन दिवस राहायला जाणार होता. पान बंद असेल तर कृत्तिका येणार नाही, असं तिच्या वर्गाच्या गव्हाणकर सरांनी फोनवर सांगितलं. पुढच्या वर्षी बघू, म्हणाले. सेन्सरच्या कंपनीने त्यांचा बंद डबा घ्यायला सुचवलं. आत काय चालतं ते दाखवता येणार नाही, पण विश्वास ठेवा, म्हणे. मी दोघांनाही नाही म्हटलं. ज्याचं झाकण मला उघडता येत नाही, त्याच्या भरवशावर मुलीला आभाळात पाठवणार नाही. आणि घरीही बसवणार नाही.

"आई, भांडून झालं असेल तर कामाला लागू या का?" कृत्तिका म्हणाली.

आम्ही ब्राउझरची तपासणी-खिडकी (पानामागची यंत्रणा उघडून दाखवणारी सोय) उघडली. आत एकच लाल ओळ होती: 'घटिका सापडली नाही.'

आमचा जुना घररोबो ठोकळा डगमगत्या चाकावर जवळ आला. आकडे बघून 'इतक्या मिनिटांपूर्वी' असं सांगणारं ते छोटं साधन कोणीतरी बनवून ऑनलाइन भांडारात फुकट ठेवलं होतं, असं त्याने समजावलं. अशा साधनाला आपल्या पानाची डिपेंडन्सी (आपलं काम ज्याच्या खांद्यावर उभं असतं, ते दुसऱ्याचं काम) म्हणतात.

"विरजणासारखं आहे, कृत्तिकाताई," ठोकळा म्हणाला. "शेजारणीकडून चमचाभर आणलं तर तिचं दही कमी होत नाही. पण तुझी आई रोज सकाळी वाटी घेऊन तिच्याच दारात उभी. आज दाराला कुलूप लागलं."

"आणि घरात थोडं राखून ठेवलं असतं तर?"

"तर आज दही लागलं असतं."

रोबोने टोमणा मारला तर रागावताही येत नाही.

मी प्रोग्रामरांच्या चर्चामंचावर (जिथे अनोळखी माणसं एकमेकांच्या अडचणी सोडवतात) विचारलं. तासाभरात भुसावळच्या एका बाईंनी स्वतःकडे राखलेली प्रत पाठवली. यात चोरी नव्हती. घटिका मुक्त स्रोत होती, म्हणजे तिचा कोड कोणीही वाचावा, बदलावा, वाटावा, अशी बनवणाऱ्यानेच परवानगी दिलेली होती. मग चाचणी (मुद्दाम आकडे घालून उत्तर बरोबर येतं का ते बघणं). मी पाच, वीस आणि पंचेचाळीस मिनिटं घालून बघितली. तिन्ही उत्तरं बरोबर. सरांना फोन केला आणि जरा चढ्या आवाजातच सांगितलं की कृत्तिका येतेय.

कृत्तिका तोवर घटिकेच्या तक्रारपानावर होती. तिथे चारशे एकोणीस चिठ्ठ्या होत्या आणि सगळ्यांत शिव्याशाप. तळाशी बनवणाऱ्याचं नाव: हुसेन शिकलगार, मिरज. आपलं काम झालंय, आता नसत्या भानगडी नकोत, असं मी तिला म्हटलं. तिने ऐकलं नाही. तिने लिहिलं, 'काका, घटिका दिसत नाही. तुम्ही बरे आहात ना?' आणि खाली आमचा नंबर दिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला.

"पोरी, चारशे जणांनी मला आळशी म्हटलं," पलीकडून म्हातारा आवाज आला. "बरा आहेस का, हे तू एकटीने विचारलंस."

काका घड्याळं दुरुस्त करायचे. दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली होती, पट्ट्या अजून निघायच्या होत्या, चिठ्ठ्या भाच्याने वाचून दाखवल्या होत्या. त्याआधी घटिकेत त्यांना एक दोष सापडला, पण दुरुस्त करण्याएवढं दिसेना.

"बिघडलेलं घड्याळ भिंतीवर ठेवू नये. लोक त्यावर विश्वास ठेवतात. म्हणून भाच्याला म्हटलं, उतरव. कारण लिहायचं तो विसरला."

तेच बिघडलेलं घड्याळ मी पुन्हा भिंतीवर टांगलं होतं.

त्यांनी चौसष्ट मिनिटं घालून बघायला सांगितलं. पानावर उत्तर आलं: '४ मिनिटांपूर्वी'.

म्हणजे टिकली बंद पडली, साखर उतरत गेली, तरी पानावर तासाभरापूर्वीचा चांगला आकडा ताजा म्हणून झळकत राहिला असता. मिनिटकाटा फिरतोय आणि तासकाटा गळून पडलाय, असं घड्याळ. माझ्या तिन्ही चाचण्या बरोबर आल्या, कारण साठच्या पुढचा प्रश्न मी विचारलाच नव्हता. चाचणी फक्त विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देते.

काकांना दिसत नव्हतं, म्हणून कृत्तिका एकेक ओळ मोठ्याने वाचत गेली. नवव्या ओळीवर ते थांब म्हणाले. "चौसष्टला साठने भाग. काय येतं?"

"भागाकार एक, बाकी चार."

"कोडने बाकी ठेवलीय आणि भागाकार टाकून दिलाय. तो एक म्हणजेच तास. त्याला परत बसव."

तिने बसवला. आम्ही साठ, चौसष्ट, एकशे तीस, जे सुचेल ते घातलं; सगळी उत्तरं बरोबर आली. सरांना पुन्हा फोन केला. कालची माझी फुशारकी चुकीची होती, आजची खरी आहे, हवं तर स्वतः तपासा, असं सांगितलं. त्यांनी बारा आकडे घालून बघितले. मग म्हणाले, स्वेटर द्या बरोबर.

शुक्रवारी कृत्तिका वर गेली. मी खालून पान बघत होते, साठ नाही, शंभर वेळा. दुरुस्त घटिका भांडारात परत आली आहे, आणि तिच्या राखणदारांत काकांबरोबर आता कृत्तिकासह तिच्या वर्गातली आठ मुलं आहेत. उद्याची साधनं अशीच राखली जातील, अनेक हातांनी.

तुमच्या शाळेच्या वेळापत्रकाच्या, तुमच्या खेळाच्या, बसच्या नकाशाच्या पानावर तळाशी बारीक अक्षरात कोणाचं तरी नाव असतं. मोठ्यांना सोबत घेऊन आज ते शोधा. तक्रार लिहू नका. त्या माणसाची खुशाली विचारा, आणि दोन दिवसांत उत्तर आलं नाही, तर पुन्हा विचारा.